मिरचीला थंडी वाजते

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिनियापोलिसच्या एखाद्या उपनगरात कुणी मराठी गृहस्थ भल्या पहाटे पायजम्यावर जाड जॅकेट चढवून मागच्या अंगणात उकिडवा बसलेला दिसला, तर शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावू नये. तो मातीचा ताप बघतोय. स्वयंपाकघरातून पळवलेला थर्मामीटर चार इंच खोल रोवून तो आकड्याकडे टक लावून बसलेला असतो. आकडा ११ अंश सेल्सियस. हवेत १८. तो उठतो, गुडघ्यांची माती झटकतो, आत जातो आणि बायकोला सांगतो, ‘‘अजून नाही.’’ बायकोने काहीही विचारलेलं नसतं.

हा माणूस एकटा नाही. त्या दिवसांत मिनेसोटापासून मेनपर्यंत आणि सीमेपलीकडे ऑन्टारिओत घरोघरी एकच विषय चाललेला असतो: मिरचीची रोपं बाहेर कधी काढायची? गंमत म्हणजे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. बियाण्याच्या पाकिटाच्या पाठीवर ते छापलेलं असतं. विद्यापीठांची कृषी विस्तार केंद्रं दर वसंतात न कंटाळता तेच सांगतात. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायचं थांबलं, जमल्यास १२-१३ च्या वर राहू लागलं, आणि माती १८ पर्यंत तापली, की काढा. त्याआधी नको. इतकं सरळ उत्तर असलेल्या प्रश्नावर माणसं तीन-तीन महिने कशी घालवतात हे समजून घ्यायचं असेल, तर मिरचीपेक्षा माणसाकडेच जास्त बघावं लागतं.

तरी आधी मिरचीबद्दल थोडं. जगात तिची ख्याती दांडगटाची. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली, पार्क-डेव्हिस कंपनीत असताना, तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्याच्या जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत किती पाणी घालावं लागलं ते लिहून ठेवायचं. तेव्हापासून मिरच्यांची आपसात चढाओढ लागली. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाने २००७ साली गिनेसच्या नोंदीत १० लाख स्कोव्हिलचा आकडा ओलांडला. २०२३ साली दक्षिण कॅरोलायनातल्या एड करी यांची ‘पेपर एक्स’ सरासरी २६ लाख ९३ हजारांवर जाऊन बसली. ती पहिल्यांदा अख्खी खाल्ल्यावर आपण कळांनी हैराण होऊन भर पावसात आडवे पडून कण्हत होतो, हे करी यांनी स्वतःच सांगितलंय. बाप असून ही अवस्था.

आता हीच मंडळी ८ अंशांच्या रात्रीत बाहेर ठेवून बघा. बर्फ पडायची गरज नाही, पाणी गोठायचीही गरज नाही. नुसता गारवा पुरतो. वाढ खुंटते, मुळं अन्न उचलायचं कमी करतात, पानं मलूल होऊन पिवळटतात, कळी आलेली असली तर गळून पडते. आणि यातला खरा अन्याय असा की जी मिरची जास्त तिखट, तिचा नाजूकपणा बहुधा जास्त. हबानेरो, भूत जोलोकिया, करींची पेपर एक्स या एकाच कुळातल्या आहेत. उगवायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो, पिकायला सगळ्यांत जास्त उन्हाळा लागतो आणि थंडीचं निमित्त त्यांना सगळ्यांत आधी मिळतं. जो इसम पेपर एक्सच्या वाटेला जाणाऱ्या मिरच्या लावतो आणि मित्रांपुढे छाती काढून सांगतो, तो घरी त्यांच्या अंगावर रात्री पांघरूण घालत असतो.

यात मिरचीचा दोष नाही. ती मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती गोव्याला आणली, गोव्याहून ती घाट चढली आणि पुढे आपण तिला इतकं आपलं मानलं की तिच्याआधी आपले पूर्वज ठेच्याशिवाय भाकरी कशी खात असतील, या विचारानेच गलबलून येतं. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी सांगलीच्या कुणा सॉफ्टवेअर इंजिनिअरने तिला पुन्हा अमेरिका खंडात नेलं. फक्त उतरवलं ते माहेरापासून तीन हजार किलोमीटर उत्तरेला, जिथे जानेवारीत डोळ्यांच्या पापण्या चिकटतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याकडे दंव गोठतं ते वर्तमानपत्रात. दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळ गाडीच्या टपावर किंवा स्ट्रॉबेरीच्या पानावर हिमकण दिसतात, त्यांचा फोटो छापून येतो, पुणेकर स्वेटर काढतात आणि प्रकरण मिटतं. मिरचीवाला शेतकरी बघतो तो पावसाकडे. रोहिण्या बरसल्या का, ७ जूनच्या सुमारास मृग निघतो तो कोरडा जातो का, पंचांगात यंदा नक्षत्राला वाहन कोणतं दिलंय, बेडूक की गाढव. रोपवाटिकेत कोकोपीटच्या ट्रेमध्ये पाच-सहा आठवड्यांचं रोप तयार असतं, पाऊस झाला की लावणी. त्यामुळे नंदुरबारचा काका व्हिडिओ कॉलवर पुतण्याला विचारतो, ‘‘मिरची लावली का?’’ आणि पुतण्या मेच्या वीस तारखेला म्हणतो, ‘‘नाही, थंडी आहे,’’ तेव्हा काकांच्या चेहऱ्यावरून कळतं की पोरगं कामाचं राहिलं नाही.

पोरगं मात्र फेब्रुवारीपासून राबतंय. बाहेर उणे २० असतं तेव्हा आत बिया टाकाव्या लागतात, कारण रोप बाहेर जाण्याजोगं व्हायला आठ ते दहा आठवडे हवेत, अतितिखट जातींना बारा. बी रुजायला २७ ते ३० अंशांची ऊब लागते. इतकी ऊब मिनेसोटातल्या माणसालाही फेब्रुवारीत मिळत नाही. मग बियांच्या ट्रेखाली विजेवर तापणारी चटई येते. चटई नसेल तर ट्रे फ्रिजच्या माथ्यावर जातो किंवा वॉटर हीटरच्या कोठीत. तिथले गोरे बागप्रेमी मोठ्या अभिमानाने एक युक्ती सांगतात: बिया ओलसर कागदी रुमालात गुंडाळून उबेला ठेवायच्या. मटकीला मोड आणणाऱ्या घरात ही विद्या ऐकून सासूबाई नुसत्या हसतात.

बिया कुठल्या, हा स्वतंत्र अध्याय आहे. काही कॅटलॉगमधून रीतसर मागवलेल्या. काही इंडियन ग्रोसरीतल्या वाळक्या लाल मिरचीच्या पाकिटातून झटकून काढलेल्या. त्या बहुधा उगवतात, पण काय उगवेल हे मिरची लागेपर्यंत देवाला ठाऊक. चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं: ‘लवंगी’, ‘ब्याडगी बहुतेक’, ‘तिखट’, ‘फार तिखट’, ‘?’. आणि आकडा ७२. चार माणसांच्या घराला उन्हाळ्यात चार-पाच झाडं पुरून उरतात. पण बाजारात मिळणाऱ्या ट्रेला ७२ खळगे असतात, आणि खळगा रिकामा ठेवणं मराठी मनाला जमत नाही.

मार्चपर्यंत ट्रे तळघरातून वर सरकतो. एप्रिलमध्ये रोपं मोठ्या पेल्यांत जातात आणि पेले जेवणाच्या टेबलावर. वर जांभळट एलईडीचा दिवा सोळा तास जळतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात नेमकं काय पिकतंय याबद्दल शंका येते. कुटुंब सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवू लागतं. पाहुणे आले तर त्यांनाही. पंखा लावून ठेवायचा, कारण वारा न लागलेलं रोप लुकडं वाढतं आणि बाहेरच्या पहिल्या झुळकीला आडवं होतं. झाडाला हलवलं, गोंजारलं की खोड आखूड आणि जाड होतं हे वनस्पतिशास्त्राने तपासून मान्य केलेलं आहे. त्यामुळे सकाळी कॉफीचा मग एका हातात धरून दुसऱ्या हाताने ओळीने सगळ्या शेंड्यांवरून तळवा फिरवणारा बाप हा शास्त्रशुद्ध वागत असतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही असं नाही.

असं असताना एप्रिलच्या मध्यावर एक शनिवार उजाडतो. ऊन पडतं, पारा २४ वर जातो. सहा महिने कोंडलेलं अख्खं शहर अर्ध्या चड्डीत बाहेर येतं. मोठमोठ्या दुकानांच्या दारात मिरची-टोमॅटोची रोपं फळीवर मांडलेली असतात. दुकानात ठेवलीत म्हणजे लावायची वेळ झाली असणार, असं गिऱ्हाईक समजतं. दुकानदाराने तसं काही म्हटलेलं नसतं. त्याचा हिशेब साधा आहे. आज घेतलेली रोपं पुढच्या मंगळवारी मरतील आणि तेच गिऱ्हाईक मेच्या अखेरीस पुन्हा येईल.

ज्याला एवढं कळतं, तो आकडेवारीकडे वळतो. इथे त्याची खरी फसगत होते. अमेरिकी हवामान खातं गावोगावच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून वसंतातल्या शेवटच्या गोठणीच्या तारखा काढतं. त्यातली जी तारीख बागप्रेमी फ्रिजवर चिकटवतात ती मधली, ५० टक्क्यांची. म्हणजे त्या तारखेनंतरही पारा शून्याखाली जाण्याची शक्यता निम्मी. ‘सरासरी शेवटची तारीख’ हे शब्द ऐकून माणसाला वाटतं की त्या दिवशी थंडी सामान उचलून निघून जाते. प्रत्यक्षात खात्याने त्याच्या हातात नाणं ठेवून सांगितलेलं असतं, उडव. त्याच तक्त्यात १० टक्क्यांची तारीखही असते, बरीच पुढची, शहाण्यांची. तिच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय तापमापक असतो माणसाच्या उंचीच्या आसपास आणि रोप असतं जमिनीलगत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते आणि वर २-३ अंश दाखवत असताना खाली पानांवर दंव गोठतं. फोनवर ‘किमान ३’ वाचून निर्धास्त झोपलेल्यांची सकाळ वाईट जाते.

दुसरा घोटाळा नकाशाचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक रंगीत नकाशा आहे, २०२३ साली नव्याने काढलेला. त्यात देशाचे तेरा पट्टे पाडलेत. बागप्रेमी एकमेकांना भेटले की आधी गोत्र विचारावं तसा पट्टा विचारतात. ‘‘तुमचा चार की पाच?’’ चार म्हणणारा जरा अधिक सोसलेला. हा नकाशा सांगतो ते हिवाळ्यातली सगळ्यांत कडक रात्र साधारण किती गार असते एवढंच, म्हणजे सफरचंदाचं झाड जानेवारीत तगेल का. मिरची जानेवारीत बाहेर असण्याचा प्रश्नच नाही. मे महिन्यात काय करायचं याबद्दल नकाशा अवाक्षर बोलत नाही. तरी लोक त्याचा हवाला देऊन मे महिन्यात भांडतात.

विज्ञान असं हात वर करतं तेव्हा माणसं संतांकडे जातात. युरोपात ही सोय जुनी आहे. जर्मनीत मेच्या मध्याला बर्फाळ संतांचा आठवडा येतो: ११ मेला मामेर्टुस, १२ ला पान्क्राट्सियुस, १३ ला सेर्वाट्सियुस, १४ ला बोनिफाट्सियुस आणि १५ ला सोफी. या बाईंना तिथे सरळ ‘थंड सोफी’ म्हणतात. सोफी उलटून गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही. हंगेरीत यांतलं मधलं त्रिकूट पोन्ग्राट्स, सेर्वाट्स, बोनिफाट्स या नावांनी येतं आणि त्यांच्यामागून २५ मेला ओर्बान उरलीसुरली थंडी घेऊन येतो. हंगेरीला या बाबतीत हलगर्जीपणा परवडत नाही. सेगेड आणि कालोचा ही गावं पाप्रिकावर जगलेली. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी सेगेडच्या विद्यापीठात क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं ते पाप्रिकातूनच. त्यांनीच सांगितलेला किस्सा असा की बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली, त्यांना ती नको होती, तसं म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून ‘हिची तपासणी करायला हवी’ अशी सबब सांगून ती त्यांनी प्रयोगशाळेत नेली. १९३७ साली नोबेल मिळालं. ताटातली नावडती भाजी इतक्या इभ्रतीने टाळल्याचं दुसरं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात सापडणं कठीण.

संतांच्या तारखांना मात्र एक ग्रहण लागलेलं आहे. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग दुरुस्त केलं आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. मधले दहा दिवस गेले. संतांचे सण कागदावर त्याच तारखांना राहिले, पण ऋतूच्या हिशेबात ते दहा दिवस अलीकडे सरकले. जुन्या शेतकऱ्यांनी जी थंडी बघून ही म्हण पाडली, ती आजच्या मोजणीने मेच्या विशीत पडायला हवी. थंडीला या दुरुस्तीची प्रत कुणी पाठवली नव्हती.

अमेरिकेने संतांऐवजी सुट्ट्या धरल्या. कोलोरॅडोत, इलिनॉयमध्ये मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार. मिनेसोटातले जुनेजाणते मेचा शेवटचा सोमवार, हुतात्म्यांचा मेमोरियल डे, उलटल्याशिवाय मिरचीला हात लावत नाहीत. कॅनडात २५ मेच्या आधीचा सोमवार व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाचा. राणी १९०१ साली गेली, पण ऑन्टारिओतल्या मिरच्या अजून तिच्या मुहूर्तावर जमिनीत जातात. न्यू इंग्लंडमध्ये याहून जुनी खूण आहे. ओकच्या झाडाचं कोवळं पान खारीच्या कानाएवढं झालं की मक्याचं बी पेरावं. ही खूण मुळात तिथल्या आदिवासींची म्हणून सांगतात. ती ऐकायला काव्यमय वाटते, पण कॅलेंडरपेक्षा हुशार आहे, कारण ओकला यंदाची माती कळते, गेल्या तीस वर्षांची सरासरी कळत नाही. मिरचीसाठी तेवढ्यावर भागत नाही, खारीचा कान झाल्यावर आणखी दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. आणि पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी गावचा फिल नावाचा ग्राउंडहॉग आहेच. १८८७ पासून तो दर २ फेब्रुवारीला बिळातून बाहेर येऊन हिवाळा किती उरला ते सांगतो. नक्षत्राच्या बेडूक-गाढवावर हसणाऱ्यांनी हा सोहळा टीव्हीवर जरूर बघावा. टोप्या घातलेले प्रतिष्ठित नागरिक त्याला उचलून धरतात.

मुहूर्त पाळला म्हणजे सुटका झाली असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाउनमुळे अमेरिकेतली कित्येक घरं अचानक बागायतदार झाली होती. मार्चमध्ये बियाण्यांवर अशी झुंबड उडाली होती की काही कंपन्यांनी नव्या मागण्या घेणं थांबवलं. मदर्स डे १० मेला होता. ९ मेला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्फाचे कण पडले; इतक्या उशिरा तिथे बर्फ पडल्याची नोंद त्याआधी फक्त १९७७ ची. न्यू जर्सीत एडिसनपासून पर्सिपनीपर्यंत ज्यांनी आठवडाभर आधी ‘आता काय होतंय’ म्हणून रोपं बाहेर लावली होती, ती सगळी मंडळी त्या रात्री जुनी चादर शोधत होती. डेन्व्हरची गोष्ट याहून नाट्यमय. १९ मे २०२२ ला तिथे पारा ३० अंशांच्या वर होता. २० मेला बर्फ पडायला लागलं.

अशा रात्री अंगणात काय-काय बाहेर निघतं ते बघण्यासारखं असतं. बादल्या, कुकरची भांडी, तळ कापलेले दुधाचे गॅलनचे कॅन, मुलांच्या वाढदिवसाचे टेबलक्लॉथ. एक प्लास्टिकचं कडं मिळतं, त्याच्या नळ्यांत दहा-बारा लिटर पाणी भरून ते रोपाभोवती उभं करायचं. दिवसा पाणी तापतं, रात्री ऊब सोडतं, आणि अगदीच गोठायला लागलं तर गोठता-गोठताही उष्णता देतं. कल्पना उत्तम आहे. फक्त वारा आला की ते पाण्यासकट रोपावर बसतं. मराठी घरातून शेवटी निघते ती आजीने शिवलेली गोधडी. बारा-तेरा हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेली, नातवाच्या अंगावर घालायची म्हणून जपलेली गोधडी मिरचीवर जाते, आणि रात्री साडेअकराला पायऱ्यांवर उभं राहून घरची बाई विचारते, ‘‘आणि आत आपण काय पांघरायचं?’’ यावर समाधानकारक उत्तर अजून कुणाला सुचलेलं नाही. कापडाचं पांघरूण खरं तर प्लास्टिकपेक्षा चांगलं, कारण पानाला चिकटलेलं प्लास्टिक गारठा थेट पानात उतरवतं. मात्र सकाळी ऊन चढायच्या आत ते काढायला हवं. ज्यांना आठ वाजताची मीटिंग असते त्यांची थंडीतून वाचलेली रोपं दहा वाजेपर्यंत बादलीखाली शिजतात.

आणि हे सगळं झालं ते थंडीपुरतं. ऊन अजून बाकी आहे. दिव्याखाली वाढलेल्या रोपाने खरं ऊन पाहिलेलं नसतं. खिडकीची काचही सूर्याचे जहाल किरण बरेचसे अडवते. असं रोप एकदम भर उन्हात ठेवलं की दोन दिवसांत पानांवर पांढरे, कागदी डाग पडतात. म्हणून आठ-दहा दिवस बालवाडीसारखं करावं लागतं. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडा वारा, शेवटी रात्रीचा मुक्काम. पाणीही जरा हात राखून द्यायचं; आपल्याकडचे रोपवाटिकावालेही लावणीआधी आठवडाभर पाणी तोडतात ते याचसाठी. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ७२ पेले दिवसातून दोनदा आत-बाहेर करायचे असतात. जाळीच्या दाराला पायाने अडवून, कंबरेत वाकून, ‘‘तुमचा आवाज म्यूट आहे’’ असं कानातल्या यंत्रातून कुणीतरी सांगत असताना. वर्क फ्रॉम होममुळे कंपन्यांचं काम किती वाढलं यावर मतभेद आहेत. मिरच्यांचं काम वाढलं यावर नाहीत. घरात सासरे आलेले असतील तर ही ड्यूटी त्यांच्याकडे जाते. व्हिसावर मुक्काम सहा महिन्यांचा मिळतो, मार्चमध्ये येतात, हंगाम अचूक साधतात. दुपारी एकला आठवणीने ट्रे सावलीत ओढतात आणि सोसायटीच्या गच्चीवर आपण कढीपत्ता कसा जगवला ते मिरच्यांना ऐकवतात.

एवढा आटापिटा करून लवकर लावण्यात फायदा किती? तपासलं तर चमत्कारिक गोष्ट दिसते. मेच्या पहिल्या आठवड्यात गार मातीत गेलेलं रोप मरत नाही तेव्हा रुसून बसतं. तीन आठवडे हूं की चूं नाही. मेच्या अखेरीस तापलेल्या मातीत गेलेलं रोप आठवड्यात मूळ धरतं आणि जुलैपर्यंत पहिल्याच्या पुढे निघून जातं. जाणकार हे कानीकपाळी ओरडून सांगतात. ज्यांनी हे स्वतःच्या वाफ्यात डोळ्यांनी पाहिलंय, तेही पुढच्या एप्रिलमधल्या पहिल्या उबदार शनिवारी दोन पेले हळूच बाहेर नेतात. ‘‘दोनच, बघू तरी.’’ सहा महिने बर्फ उपसलेल्या माणसाला मिरचीची घाई नसते, त्याला हिवाळा संपल्याचं कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं असतं, आणि घरात नाही म्हणू न शकणारी तेवढीच मंडळी असतात.

मेमोरियल डे उलटतो. माती १८. रात्री १३. सगळे संत, राणी, आई आणि हुतात्मे उलटून गेलेले. रोपं दीड-दोन फुटांवर रांगेत लागतात, फोटो काढून नंदुरबारला जातो, काकांचा अंगठा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन रोपं जमिनीलगत कापून आडवी. कुरतडणारी अळी रात्री मातीतून वर येते, खोडाला वेढा घालते आणि करवतीने कापावं तसं साफ कापते. उरलेल्यांतली दोन सशाने खाल्लेली असतात. तिखटपणा फळात असतो, पानात जवळजवळ नसतोच, ही माहिती सशाला कुठून मिळते कळत नाही. मग टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या कापून प्रत्येक खोडाला गळपट्टा घातला जातो आणि भोवती जाळी येते. आता थंडीची भीती नाही म्हणावं तर जूनच्या अखेरीस उलटी तक्रार सुरू होते: दिवसा पारा ३२ च्या वर गेला, रात्रही उकडली, की फुलं गळतात. थंडी वाजते म्हणून गळतात, उकडतं म्हणूनही गळतात.

तोवर जेवणाच्या टेबलावर पन्नासेक पेले तसेच उभे असतात, कारण वाफ्यात जागा तेवढीच होती. उपटून टाकायला हात धजत नाही; फेब्रुवारीपासून घरचं खाल्लंय त्यांनी. मग एका रविवारी गृहस्थ मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकतो: ‘मिरचीची रोपं उरली आहेत. लवंगी, ब्याडगी (बहुतेक). कोणाला हवी असल्यास घेऊन जावी. फुकट.’ ग्रुपवर दोनशे सभासद. दहा मिनिटं शांतता. मग एक उत्तर येतं: ‘आमच्याकडेही ४० आहेत, तुम्हाला हवीत का?’ त्यावर तिसरा, त्यावर चौथा. संध्याकाळपर्यंत हिशेब लागतो की एका काउंटीतल्या मराठी घरांत साडेतीनशे मिरच्यांची रोपं अनाथ पडलीत, आणि अध्यक्षांनी गणेशोत्सवाच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्यांचा मुद्दा घातलेला आहे.